युवक महोत्सव आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की शाळेत पालकांची रीघ लागते. "सर, पोराला कुठं घालावं?" सायन्स की आय.टी.आय. यावर अर्धा तास चर्चा होते. कला शाखेचे नाव काढले की उत्तर ठरलेले : "कुठंच नंबर लागला नाही, तर ते आहेच की!" मी स्वतः कला शाखेचा पदवीधर, त्यामुळे हे वाक्य मला लागते. तथापि त्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. नुसत्या बी.ए.वर आज नोकरी मिळत नाही. पण कला म्हणजे नापासांची जागा, ही समजूत मात्र चुकीची आहे.

मौलाना आझाद स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री होते. खरगपूरच्या आय.आय.टी.चे उद्घाटन १९५१ साली त्यांनीच केले. त्यांच्याच कारकिर्दीत १९५३ साली संगीत नाटक अकादमी आणि १९५४ साली साहित्य अकादमी व ललित कला अकादमी सुरू झाल्या. आणि त्याच १९५४ साली शिक्षण मंत्रालयाने दिल्लीत तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरविला. देशाला इंजिनिअर हवेत, तसे कलावंत आणि वक्तेही हवेत, हे त्यांनी जाणले होते. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मग त्यांचे अर्धेच काम का उचलतो?

आज आपल्या विद्यापीठांतूनही युवक महोत्सव होतात. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला असे त्याचे पाच विभाग असतात. एकांकिका, मूकनाट्य, वक्तृत्व, वादविवाद, प्रश्नमंजूषा, भित्तिचित्र, मातीकाम, रांगोळी. ज्याच्या हाती जे असेल त्याला तेथे जागा आहे. मुलगा सायन्सचा की कॉमर्सचा, हे तेथे कोणी विचारीत नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या मराठीच्या सरांनी वक्तृत्वासाठी माझे नाव परस्पर देऊन टाकले. घरी आम्ही दखनी बोलतो. आपले मराठी ऐकून लोक हसतील, ही धास्ती मनात होती. दोन मिनिटे बोललो आणि पुढचे सारे विसरलो. खाली मान घालून उतरलो. सर एवढेच म्हणाले, "दोन मिनिटं बोललास ना? पुढच्या वर्षी पाच बोल." पुढच्या वर्षी मी पाच मिनिटे बोललो. बक्षीस मिळाले नाही. पण भीती गेली ती कायमची. आज साठ मुलांच्या वर्गापुढे उभा राहतो, तो त्या पाच मिनिटांच्या बळावर.

मराठी आपली नव्हे, असे कोणी म्हणाले तर दोन नावे सांगा. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले आणि त्यांच्या डफाने संयुक्त महाराष्ट्राचा लढा जागविला. डॉ. यू. म. पठाण मराठवाडा विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख होते, संतसाहित्याचे अभ्यासक होते. १९९० साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

आता एक दुखरी गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीचा चित्रकलेत हात उत्तम. कॉलेजात गेल्यावर भित्तिचित्रासाठी तिची निवड झाली. महोत्सव परगावी होता, मुक्काम एका रात्रीचा. वडिलांनी नाही म्हटले. मी त्यांना दोष देत नाही. सोबत बाई जाणार आहेत, राहण्याची सोय मुलींच्या वसतिगृहात आहे, हे त्यांना घरी जाऊन सांगणारे कोणी नव्हते. ते काम माझे होते. मी गेलो नाही, याची मला आजही खंत वाटते.

म्हणून संस्थेला माझ्या दोन विनंत्या आहेत. महोत्सवाला निवड झालेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीच्या एस.टी. भाड्याची आणि जेवणखर्चाची तरतूद करावी. मुलगी असेल तर आपल्यातील एक शिक्षिका आणि एक पदाधिकारी यांनी तिच्या घरी जाऊन पालकांशी बोलावे. खर्च फार नाही. आणि पालकहो, कोणी घरी आले तर त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या, मगच काय ते ठरवा.