पडलेल्या दाताखालचे हाड



दात पडला की आपण म्हणतो, एक दात गेला. वस्तुतः त्याच्यामागोमाग त्याला धरून ठेवणारे हाडही जाऊ लागते. चावण्याचा दाब पोचेनासा झाला की ते झिजते. वर्षभरात त्याची रुंदी निम्म्याच्या आसपास घटू शकते. स्वीडनमध्ये ब्रॅनेमार्क यांनी १९६५ साली टायटॅनियमचे स्क्रू रोग्याच्या जबड्यात बसवून त्यांवर कृत्रिम दात उभे केले. परंतु खुंटी ठोकावयाची तर आधी भिंत हवी. ती ढासळली असेल तर काय करावे?

ती पुन्हा बांधावयास चार प्रकारचे साहित्य मिळते. पहिले, रोग्याचे स्वतःचे हाड. ते हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून घेतात. उणीव मोठी असल्यास कमरेतून. त्यात जिवंत पेशी असतात, हा त्याचा मोठा गुण. मात्र दुसरी जखम सोसावी लागते. दुसरे, मृत दात्याचे शुद्ध केलेले हाड. तिसरे, जनावराच्या, बहुधा गाईबैलाच्या हाडातला केवळ खनिज भाग. चौथे, कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणे.

वरच्या दाढांच्या जागी हाड कमी पडले, तर गालामागच्या हवेच्या पोकळीचे अस्तर हळूच उचलून खाली हे दाणे भरतात. मग काही महिने थांबणे आलेच.

हे थांबणे कशासाठी? बाहेरून आणलेले साहित्य हा बहुतांशी वेलीसाठी घातलेला मांडव असतो. वेल रोग्याच्याच शरीरातून चढावी लागते. म्हणूनच तंबाखू, विडी आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी केलेले काम वाया जाऊ शकते. महागातले महाग दाणेही तेथे कामी येत नाहीत.

तेव्हा आम्हां दंतवैद्यांना तीन प्रश्न निःसंकोच विचारा. हे हाड कोणाचे? ज्यांना श्रद्धेमुळे गाईबैलाचे चालत नाही, त्यांना हे आधीच कळले पाहिजे. दुसरा, भर घालण्याची खरोखर गरज आहे काय? कित्येकदा आखूड स्क्रूने किंवा साध्या कवळीनेही भागते. आणि तिसरा प्रश्न दात काढण्यापूर्वीच विचारावा: ही खाच आताच भरून ठेवावी काय? तसे केल्याने झीज पुरती थांबत नाही, पण कमी होते. पडलेली भिंत उभारण्यापेक्षा उभी भिंत सांभाळणे केव्हाही सोपे.