डोंगराचे देणे

(रसायनी येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्या या वसाहतीला नाव कारखान्यांमुळे मिळाले, आणि कारखान्यांना पाणी मिळाले पाताळगंगेचे. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून या नदीत उतरते. सह्याद्रीवरचा पाऊस आधी मुंबईला वीज देतो, मग आपल्याला पाणी. डोंगराचे आपण जुने ऋणको आहोत.

१९ जुलै २०२३ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. चौकजवळ इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या ठाकूर समाजाच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. यंत्रे वर जाईनात, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडेना. जवान आणि स्वयंसेवक कुदळ-फावडी घेऊन निसरड्या पायवाटेने चढले. त्याच डोंगराखालच्या मोरबे धरणातून नवी मुंबईच्या घरोघरी पाणी जाते, हे जाता जाता सांगतो.

ही दरड विकासकामामुळे कोसळली, असे मी म्हणणार नाही. जिथे रस्ताच नव्हता, तिथे तो दोषी कसा? तीव्र उतार आणि मुसळधार पाऊस एवढे पुरेसे होते. माझा प्रश्न निराळा आहे. २३ जुलैच्या रात्री द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळही दरड आली. तिथे काही तासांत यंत्रे पोहोचली. २०१५ मध्ये त्याच ठिकाणी प्रवासी दगावल्यावर घाटातले कडे तपासले गेले, पोलादी जाळ्या बसल्या. ते योग्यच झाले. इर्शाळवाडी मात्र दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. रस्त्याकडेच्या कड्याची पाहणी होते. त्याच डोंगरावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या वनवासी बांधवाच्या छपरावरचा कडा कोणी पाहत नाही.

आता पनवेल-कर्जत उपनगरी मार्गासाठी वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदला गेला आहे. रेल्वे हवीच, आपली मुले तिनेच कामावर जाणार आहेत. पण ती आली की तिच्यामागून बंगल्यांचे भूखंड येतात, आणि त्यांच्यासाठी उताराचा पायथा कापला जातो. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाच्या थरांचा आहे, पण त्यावर मुरमाचे आणि मातीचे आवरण असते. पावसाचे पाणी त्यात मुरून ते जड होते. पायथा कापला की त्याचा आधार जातो, ओहोळ बुजवला की पाण्याची वाट जाते. माळीण २०१४ मध्ये गेले, तळिये २०२१ मध्ये. तळिये तर आपल्याच जिल्ह्यातले.

म्हणून एक काम सुचवतो. मृगाच्या आधी दोन-दोन कार्यकर्त्यांनी कर्जत-खालापुरातील एकेका वाडीवर जावे, गडावर सहलीला जातो तसे नव्हे. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावे : कुठे भेग पडली आहे, कोणता झरा आटला, कुठे नवे पाणी फुटले, कोणते झाड कलले? ते लिहून घ्यावे आणि तहसील कचेरीत देऊन पोच घ्यावी. पहिली वाडी कोणाकडे, हे आज उठण्यापूर्वीच ठरवू या.