विम्याच्या कागदात काय असते?

(महोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी आग, पूर आणि चोरीच्या गोष्टी काढणारा वक्ता कोणास आवडेल? तथापि ज्या वास्तूत आज आपण बसलो आहोत, ती देणगीदारांच्या एकेका रुपयातून उभी राहिली आहे. तिची काळजी वाहणे हेही महोत्सवाचेच एक अंग आहे, असे समजून आमचे चार शब्द ऐकून घ्यावेत.

आम्ही शाळेत गणित शिकवतो. त्रैराशिक आजवर कितीतरी मुलांकडून घोटून घेतले. त्याच त्रैराशिकाने 2019 च्या ऑगस्टात आम्हांस धडा दिला. बेळगाव परिसरातला त्या महिन्यातला पाऊस आपणांपैकी कोणी विसरले नसेल. आमच्या घरात मांडीभर पाणी शिरले, मागची भिंत खचली. पण घराचा विमा होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. वास्तविक विम्यास आमच्या वडिलांचा विरोध होता. दैवाशी सौदा कशाला, असे ते म्हणत. दाराला कडी लावली म्हणजे अल्लावरचा भरवसा उडाला असे होत नाही, असे सांगून आम्ही त्यांची समजूत घातली होती. कडी नेमकी कोणत्या दाराला लावली आहे, हे मात्र आम्ही पाहिले नव्हते!

तो विमा घरकर्जापोटी काढलेला होता. उरलेल्या कर्जाइतका, म्हणजे 6 लाखांचा, आणि केवळ इमारतीचा. घर पुन्हा बांधावयास 12 लाख लागले असते. नुकसान झाले 80 हजारांचे. विमा निम्मा, म्हणून भरपाईही निम्मी: हाती आले 40 हजार. कपाट, शिवणयंत्र, गाद्या, पुस्तके यांबद्दल एक पैसाही नाही. वडील काही बोलले नाहीत. भिजलेल्या पुस्तकांची पाने सोडवून ते उन्हात वाळवीत बसले. त्यांचे ते न बोलणे आम्हांस फार लागले. कागदात सारे लिहिलेले होते. वाचण्याचा आळस आमचा होता.

तेव्हापासून कोणतीही पॉलिसी हाती आली की आम्ही तीन प्रश्न विचारतो. कशाचा विमा? कोणत्या संकटापासून? आणि किती रकमेचा?

राहत्या घरासाठी 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठराविक नमुन्याची पॉलिसी साधारण विमा कंपन्यांनी द्यावी, असा नियम झाला. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल ही संकटे तीत येतात. इमारतीचा विमा घेतला की घरातील सामानासही त्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, पण 10 लाखांहून अधिक नाही, असे संरक्षण आपोआप मिळते. विमा अपुरा म्हणून भरपाई कापण्याचा नियमही तीत नाही. दागिन्यांसाठी मात्र किंमत ठरवून वेगळी जोड घ्यावी लागते.

आता आपल्या ट्रस्टकडे वळू. सभागृह हे राहते घर नव्हे. म्हणून गृह रक्षेच्या सवलती येथे गृहीत धरू नयेत. विम्याची रक्कम बांधकामाच्या आजच्या खर्चावर धरावी. जागेचा भाव त्यात मिळवू नये, कारण जमीन जळत नाही. आगीच्या पॉलिसीत साधी चोरी येत नाही. त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा, आणि त्यातही कुलूप-कडी फोडल्याची खूण लागते. बँकेत नेताना लुटल्या गेलेल्या रोकडीसाठी वेगळा, नोकराने केलेल्या अफरातफरीसाठी वेगळा, आणि सभागृहात कोणी घसरून जायबंदी झाल्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईसाठी आणखी वेगळा. हे सर्वच घ्यावेत असे आम्ही म्हणत नाही. कोणता घेतला नाही, हे विश्वस्तांस ठाऊक असावे, एवढेच म्हणणे.

हस्तलिखिते, दस्तऐवज व हिशेबाच्या वह्या स्पष्ट उल्लेखाशिवाय आगीच्या विम्यात सहसा धरल्या जात नाहीत. ज्या नोंदवहीत शिष्यवृत्ती घेतलेल्या मुलांची नावे आहेत, ती भिजली तर कोणती कंपनी ती नावे परत लिहून देईल? तिची नक्कल करून दुसऱ्या जागी ठेवणे हाच तिचा विमा.

म्हणून आमची विनंती अशी: ट्रस्टच्या सामानाची छायाचित्रांसह यादी व्हावी, नुकसान झाल्यास कंपनीस तत्काळ कळवण्याचे काम एका व्यक्तीवर सोपवावे, आणि दर वार्षिक सभेत पॉलिसीतील अपवादांचे कलम मोठ्याने वाचले जावे. वाचून दाखवण्याचे काम आम्ही आनंदाने करू. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारतो, तसाच हा कागदही उघडून पाहावा.