सील नव्हे, बेअरिंग गेलंय

(हातकणंगले येथे तालुक्यातील शेतकऱ्यांच्या बैठकीत झालेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



उसाच्या दरावर बोलून झालं, थकलेल्या बिलांवर बोलून झालं. मला गाडीवर बोलायला सांगितलंय. आपल्या तालुक्यात आता वस्तीवस्तीवर पिकअप उभी आहे. कुणाची दुधाला जाते, कुणाची पेठवडगावच्या बाजाराला, कुणाची रात्री भाजी भरून वाशीला. गाडी हप्त्यावर घेतलेली आणि चालवणारा घरचाच पोरगा. इंजिनाला आपण जपतो. त्याचं ऑईल बदलतो, फिल्टर बदलतो, धूर काळा आला तर चार जणांना विचारतो. पण मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गड्डा लोंबतो, त्याच्याकडं वाकून बघणारा माणूस मला शंभरात एखादा भेटतो. त्या गड्ड्यातल्या एका बेअरिंगबद्दल मी बोलणार आहे.

तो गड्डा तिथं का आहे, हे आधी समजून घ्या. बैलगाडीची दोन्ही चाकं आखावर सुटी फिरतात. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी. एकाचं दुसऱ्याला ओझं होत नाही, कारण ओढणारे बैल पुढं आहेत. मोटारगाडीत चाकंच गाडी ओढतात. दोन्ही चाकांना जोर तर द्यायचा, आणि वळणावर त्यांना कमीजास्त फिरूही द्यायचं, हे काम डिफरन्शियल करतं. इंजिनाकडून लांब शाफ्ट येतो. त्याच्या टोकाला पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक. ते मोठ्या क्राऊनला फिरवतं आणि क्राऊन चाकांना. हे पिनियन दोन बेअरिंगांवर तोललेलं असतं. एक मोठं, क्राऊनच्या अंगाला. दुसरं लहान, पुढं, शाफ्ट जिथं फ्लेंजला जोडतो त्याच्या लगेच मागं. आपलं बोलणं या पुढच्या बेअरिंगचं आहे. ज्यांची गाडी किंवा ट्रॅक्टर चारही चाकांनी ओढतो, त्यांच्या पुढच्या आखातही असाच गड्डा असतो आणि ध्यानात ठेवायच्या गोष्टी बहुतेक याच.

आता जरा हिशेब करू. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. क्राऊन एकदा फिरायला पिनियन चारदा फिरतं असं धरा. हातकणंगल्याहून वाशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. एका खेपेत ते पिनियन साडेसहा लाखांहून जास्त वेळा फिरलं. परत येताना तेवढंच. आणि त्याला तेल कोण देतं? पंप नाही. क्राऊन तेलात फिरताना जे उडवतो, ते वरच्या वाटेनं पुढं वाहत जातं, तेवढंच. तेलाची पातळी खाली गेली की सर्वात आधी उपाशी राहतं ते हे पुढचं बेअरिंग.

हे बेअरिंग गोळ्यांचं नसतं, निमुळत्या रोलरांचं असतं. हेन्री टिमकेन नावाच्या अमेरिकेतल्या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाला १८९८ साली त्याचं पेटंट मिळालं. भरलेली गाडी वळताना चाकावर वरून भार येतो तसा बाजूनंही रेटा येतो, आणि निमुळता रोलर दोन्ही पेलतो. म्हणजे ही मूळची मालवाहू गाडीवाल्यांची गरज, मोटारीला पुढं कामाला आली.

भाराचा हिशेब

इथं जमलेल्या पिकअपवाल्या पोरांनी हे नीट ऐकावं. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही. यंत्रशास्त्राचा हिशेब असा आहे की बेअरिंगवरचा भार सव्वापट केला तर आयुष्य निम्म्यावर येतं. भार दुप्पट केला तर आयुष्य दहावा हिस्सा राहतं. पिनियनवर येणारा भार म्हणजे ओढीचा जोर. दीड टनाच्या गाडीत तीन टन माल घालून खंबाटकीचा घाट चढलात, तर तो जोर दुप्पट नसला तरी सव्वापटीच्या पुष्कळ वर जातो. व्यापारी म्हणतो, "एवढी दहा पोती बसतील की." बसतात. ती दहा पोती तुम्ही भाड्यात नेत नाही, बेअरिंगच्या आयुष्यातून नेता.

उसाचा उत्पादन खर्च काढताना घरच्यांची मजुरी नीट धरत नाहीत म्हणून आपण भांडतो. आणि स्वतःच्या गाडीचं भाडं सांगताना डिझेल धरतो, टोल धरतो, पोराचा चहा-जेवण धरतो; टायर, बेअरिंग, ऑईल धरतच नाही. तीच लबाडी आपण आपल्याशी करतो. गाडीत एक वही ठेवा. किलोमीटर, खर्च, तारीख. वर्षाच्या शेवटी किलोमीटरला किती पैसे पडले ते निघेल, मग भाडं सांगा.

ओळखायचं कसं

पहिली खूण सगळ्यांना दिसते आणि सगळे चुकीची वाचतात. पिनियनच्या तोंडाशी तेलाचा ओघळ. मेस्त्री म्हणतो सील गेलं, आपण सील घालतो. पंधरा दिवसांनी पुन्हा ओघळ. पुन्हा सील. सील वाईट निघतं असं कधीकधी होतं, तिसऱ्यांदा मात्र होत नाही. बेअरिंग झिजलं की पिनियन हेलकावतं, फ्लेंज हेलकावतो, आणि हेलकावणाऱ्या फ्लेंजवर जगातलं कुठलंही सील टिकत नाही. वाया तुम्ही सीलचे पैसे घालवता ते सोडा. मधल्या काळात तेल कमी होऊन बेअरिंग आणखी जळतं.

दुसरी खूण आवाज. चाकाचं बेअरिंग घुमतं ते गाडी डावी-उजवी वळवली की कमीजास्त होतं. क्राऊन-पिनियनच्या दातांचा आवाज ॲक्सिलरेटर दिला-सोडला की बदलतो. पिनियनच्या बेअरिंगचा आवाज एकसारखा घरघरत राहतो आणि गाडीच्या वेगाबरोबर चढतो. गाडी उभी करून इंजिनाची रेस वाढवली तर येत नाही. बघायचं असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीनं. घाटात गाडी न्यूट्रल करून आवाज ऐकायच्या फंदात कुणी पडू नका.

तिसरी खूण हातानं कळते, आणि मला तीच सर्वात खरी वाटते. गाडी सपाटीवर, चाकांना पुढून-मागून उटी. शाफ्टचं मागचं टोक फ्लेंजपाशी दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवा. गोल फिरवताना थोडी ढील लागेल, ती दातांमधली आहे, ती असतेच. पण फ्लेंज वर-खाली हलला, एक कणभर जरी हलला, तरी बेअरिंग गेलं. शाफ्टचा क्रॉस सैल असेल तर तोही हलतो, म्हणून बोट क्रॉसवर नव्हे, फ्लेंजवर ठेवून बघा.

हे लांबणीवर टाकलं तर काय होतं? पिनियन जागा सोडतं, दात कडेला घासतात, आणि क्राऊन-पिनियनचा जोड जातो. बेअरिंग, सील आणि ऑईलच्या खर्चाच्या तो कित्येक पट. पण ते पैशाचं झालं. बेअरिंग जळून पिनियन जाम झालं तर मागची दोन्ही चाकं पळत्या गाडीत एकदम धरली जातात. माल न्यायच्या गाडीत माणसं बसवू नयेत हा कायदा आहे, आणि तरी भांगलणीच्या बाया पहाटे कशातून जातात हे इथं बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

काम करून घेताना

हे काम घरी करायचं नाही, पण आपण उभं राहून करून घ्यायचं. मेस्त्रीला राग येऊ द्या. कारण या कामात बेअरिंग बदलणं सोपं आहे, ते नेमकं कसणं अवघड आहे.

गाडी जॅकवर ठेवून कुणालाही खाली जाऊ देऊ नका. खाली घोडी हवी. वीट आणि दगड फुटतात. ऑईल काढलं की ते स्वच्छ पत्र्यावर बघा. राखेसारखा बारीक काळा गाळ चालतो. चकाकणारे पापुद्रे निघाले तर ती धातूची भर सगळ्या बेअरिंगांतून फिरून आलेली असते. मग नुसतं पुढचं बदलून भागत नाही. पिनियनची दोन्ही बदला आणि क्राऊनच्या बाजूची दोन्ही तपासून घ्या. कोन आणि कप जोडीनंच बदलायचे. जुन्या कपात नवा कोन घातला तर पैसे वाचत नाहीत, काम दोनदा होतं.

खोलण्याआधी शाफ्ट आणि फ्लेंजवर खूण करून घ्यायची. क्राऊनच्या बेअरिंगवरच्या दोन टोप्या डाव्या-उजव्या असतात, त्यांच्यावरही खूण. मोठ्या बेअरिंगखाली पातळ चकती निघेल, ती शिम. पिनियन क्राऊनमध्ये किती आत बसायचं ते ती ठरवते. फेकू द्यायची नाही. जोड आणि हौजिंग जुनंच राहणार असेल तर तीच परत, आणि नंतर दातांना रंग लावून फिरवून बघायचं. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. बऱ्याच गाड्यांत दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ नळी असते, दबणारा स्पेसर. फ्लेंजचा नट कसला की तो स्पेसर दबतो आणि बेअरिंगांना नेमका ताण बसतो. एकदा दबलेला स्पेसर पुन्हा फुगत नाही. म्हणून दर वेळी नवा. जुनाच स्पेसर ठेवून, पान्याला दोन हात लांब पाइप लावून नट आवळलेला मी पाहिला आहे. गॅरेजचं नाव कशाला घ्या, अशी पुष्कळ आहेत. जास्त कसलं तर बेअरिंग तापून निळं पडतं, कमी कसलं तर पहिल्या दिवसापासून ढील. आणि जास्त कसला गेला म्हणून नट मागं फिरवून भागत नाही. स्पेसर दबलेलाच राहतो. नवा आणावा लागतो.

नेमकं किती, ते मोजता येतं. त्याला लागतो आपला भाजी तोलायचा स्प्रिंगचा काटा. क्राऊन आणि सील घालण्याआधी, बेअरिंगांना ऑईल लावून, फ्लेंजभोवती दोरा गुंडाळायचा, काटा अडकवून सावकाश ओढायचं. पहिला झटका नाही, फिरताना काटा जे दाखवेल ते धरायचं. समजा दोरा मध्यापासून ५ सेंटिमीटरवर आहे आणि काटा ४ किलो दाखवतो, तर ताण २० किलो-सेंटिमीटर. हे हिशेबाचं उदाहरण झालं. तुमच्या गाडीचा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो आणि तोच पाहिजे. नट थोडा कसायचा, मोजायचं, पुन्हा थोडा. अर्धा तास जातो. आकडा आला की शेवटी सीलसाठी नट काढला तर पुन्हा तिथवरच आणायचा.

बेअरिंग घेताना कड्यावर कोरलेला नंबर जुन्याशी ताडून घ्या आणि पक्कं बिल घ्या. नकली माल डब्यासकट मिळतो. बेअरिंग बसवताना हातोडा रोलरच्या पिंजऱ्यावर पडला तर तेही तिथंच संपलं. दाबयंत्रावर बसवून घ्या.

पुराचं पाणी

आपल्याकडं या बेअरिंगचा आणखी एक वैरी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा-वारणेच्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यातून काढाव्या लागल्या. शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. आखाच्या वरच्या अंगाला एक लहान टोपी असते, ब्रीदर. आतली हवा तिथून जाते-येते. तापलेला आख पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. तेल ताकासारखं पांढुरकं होतं. असं तेल बाहेरून कळत नाही, गाडी चालत राहते, आणि दोन-तीन महिन्यांनी घरघर सुरू होते. तोवर पूर सगळे विसरलेले असतात. आखाला पाणी लागलं की त्याच दिवशी प्लग सैल करून तेल बघा. पांढुरकं दिसलं तर सगळं काढून नवं भरा.

उसाच्या फडात जाणाऱ्या गाड्यांचा ब्रीदर चिखलानं बुजतो. मग आतली तापलेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते. म्हणजे सील गळतंय म्हणून गाडी नेली, तर मेस्त्रीला आधी ब्रीदर साफ करायला सांगा, मग फ्लेंज हलवून बघायला सांगा, आणि सीलला हात सगळ्यात शेवटी.

नवं बेअरिंग घातल्यावर पुस्तकात सांगितलेलंच ऑईल, भरायच्या प्लगच्या तोंडापर्यंत. पहिले वीस किलोमीटर रिकामी गाडी, मग थांबून गड्ड्याच्या नाकावर पाण्याचा थेंब टाका. चरचरला तर गाडी परत गॅरेजला. नाही चरचरला तर पाचशे-हजार किलोमीटरनंतर ऑईल एकदा बदलून टाका, नव्या बेअरिंगची पहिली झीज त्यात निघून जाते.

बाहेर आपल्यातल्या चार-पाच जणांच्या पिकअप उभ्या आहेत. चहा येईपर्यंत वेळ आहे. ज्यांच्या गाडीखाली तेलाचा डाग पडलाय त्यांनी चला, उटी लावून फ्लेंज हलवून बघू.