आड भरलेला, पोहरा लहान

लातूर आणि नांदेड हीं शहरें वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या परगांवच्या विद्यार्थ्यांनीं गजबजलेलीं असतात. एका खोलींत तिघे-चौघे राहतात आणि पुष्कळदां एकाच्याच मोबाइलांत डेटा शिल्लक असतो. तो ब्लूटूथनें सोबत्यांस वाटून देण्याची सोय आहे. परंतु तिच्या मर्यादा ओळखणें अगत्याचें आहे.

‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार’ अशी म्हण आहे. येथें प्रकार उलट आहे. आड भरलेला, पण पोहरा लहान! मोबाइलास सेकंदाला 20 मेगाबिट मिळत असले, तरी ब्लूटूथमधून सुमारें 2 च पुढें जातात. 100 मेगाबाइटांचें जें व्याख्यान एरवीं 40 सेकंदांत उतरेल, त्यास येथें जवळजवळ सात मिनिटें लागतात. दोघांनीं एकदम मागितल्यास वेग आणखी विभागला जातो. ब्लूटूथचा पल्लाही साधारणतः 10 मीटरांचा. मध्यें भिंत आली कीं तो घटतो. शिवाय कांहीं यंत्रें ब्लूटूथवरून ध्वनि व फाइली घेतात, पण इंटरनेट घेत नाहींत.

तरीही ही सोय टाकाऊ नव्हे. वाय-फाय हॉटस्पॉटपेक्षां तींत बॅटरी कमी खर्चते. वीज गेली असतां निकाल किंवा घरचा निरोप पाहण्यास ती पुरेशी आहे. व्याख्यानांसाठीं मात्र हॉटस्पॉटच बरा. आणि प्रवेशअर्जाची मुदत संपत आली असेल, तर विद्यार्थ्यानें पोहऱ्याची वाट न पाहतां सोबत्याचा मोबाइलच घटकाभर मागून घ्यावा. संकोचापायीं वर्ष गमावूं नये.