पाटाचे पाणी आणि संघटनेचे दप्तर

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत वनहक्कांचे दावे चालवायचे म्हणजे कागद सांभाळणे आले. ग्रामसभेचा ठराव, स्थळपाहणीचा अहवाल, वडीलधाऱ्यांचे जबाब, नकाशे. २००६ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे ग्रामसभेचा वा उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागावी लागते. त्या दिवसांत नेमका कागद एकाच कार्यकर्त्याच्या संगणकात अडकला आणि तो कार्यकर्ता परगावी असला, तर त्याची किंमत जमीन कसणारा आदिवासी मोजतो.

यावर उपाय म्हणून कार्यालयात सामायिक साठवणयंत्र बसवता येते. सर्व संगणकांवरून तेच फोल्डर उघडतात. परंतु यंत्र आणले की दप्तर सामायिक झाले, हा भ्रम होय. थोड्याच दिवसांत तेथे ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘भाऊंचे’, ‘शेवटचे’ असे फोल्डर साचतात. खाजगी पेट्या एका खोलीत आणून ठेवल्या, एवढेच काय ते घडते.

सामायिक मालमत्ता चालवण्याचा धडा खानदेशाला बाहेरून घेण्याचे कारण नाही. पांझरा नदीवरील बंधाऱ्यांवर फड पद्धती शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले. एका फडात एका हंगामी एकच पीक. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली, म्हणून टंचाईचा भार एकट्यावर पडत नसे. पाणी पाटकरी देई, शेतकरी स्वतः पाट फोडत नसे. पाटाच्या सफाईचा वाटा सर्वांनी उचलायचा. सामायिक साधनसंपत्तीच्या अशाच लोककारभाराचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

दप्तरालाही हाच न्याय लावावा. फोल्डर माणसांच्या नावाने नकोत. तालुका, गाव, मग दाव्याचा प्रकार, अशी उतरंड असावी. गावाचे नाव एकाच पद्धतीने लिहावे आणि कागदाच्या नावात आधी वर्ष, मग महिना घालावा, म्हणजे कागद आपोआप क्रमाने लागतात. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले. त्यांनी जमवलेल्या कागदांना पुढे संस्थेचे घर मिळाले, म्हणून ते अभ्यासकांना उपलब्ध झाले. व्यक्तीच्या नावावरचे दप्तर व्यक्तीबरोबरच संपते.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. वाचण्याची मुभा अनेकांना, लिहिण्याची काहींना, पुसून टाकण्याची दोघांनाच असावी. ही मुभा व्यक्तीला न देता जबाबदारीला द्यावी. जबाबदारी बदलली की मुभाही बदलेल. जातीचे दाखले आणि आधारच्या प्रती मात्र सर्वांना खुल्या ठेवू नयेत. गरिबाच्या खाजगीपणाला श्रीमंताइतकेच मोल आहे. दप्तराचा पाटकरी बैठकीत निवडावा, आणि त्याने बैठकीला हिशेब द्यावा. किल्ली एकाच्या कमरेला राहिली की सामायिकतेची सावकारी होते.

तिसरे काम सफाईचे व राखणीचे. यंत्रात दोन तबकड्यांवर एकच मजकूर असला तरी निर्धास्त राहू नये. एकीवरून पुसलेले त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते. आग आणि चोरी तर दोहोंना सारखीच. म्हणून धुळ्याच्या दप्तराची एक प्रत जळगावी आणि जळगावची धुळ्यास असावी. ती उघडते की नाही, हे ठराविक मुदतीने पाहावे.

शेवटी मालकीचा प्रश्न उरतोच. हे कागद संघटनेचे नाहीत. ते गावाचे आहेत, संघटना त्यांची राखणदार आहे. ग्रामसभेपाशी तिच्या कागदांची प्रत असलीच पाहिजे. एखादी आदिवासी बाई पाड्यावरून कार्यालयात आली, हजर असलेल्या कोणाही कार्यकर्त्याने तिचा कागद दहा मिनिटांत काढून तिच्या हाती दिला, तर दप्तर सामायिक झाले असे समजावे. ‘भाऊ आले की या’ असे सांगून तिला परत पाठवावे लागले, तर यंत्र कितीही महाग असो, जुनीच पेटी नव्या कुलपात आहे.