सरदारांनाही कायदा असतो

राजाचा शब्द साऱ्या मुलखात चालतो, अशी आपली समजूत असते. पण फ्रान्सच्या गादीवर इ. स. ९८७ मध्ये ह्यू कापे आला, तेव्हा त्याचा खरा अंमल पॅरिस आणि ऑर्लेआंच्या आसपासच चालत होता. बाकीचे ड्यूक आणि काउंट त्याला धनी म्हणत, एवढंच. किल्ले, कर, फौज आणि न्याय, सारं त्यांच्या हाती.

ही घडी मोडली दुसऱ्या फिलिपने. इंग्लंडचा राजा जॉन हा आपल्या फ्रान्समधल्या जहागिरींपुरता फिलिपचा मांडलिक होता. जॉनने लुझिन्यांच्या सरदाराच्या वाग्दत्त वधूशी स्वतःच लग्न केलं. सरदाराने फिलिपकडे दाद मागितली. फिलिपने बोलावूनही जॉन दरबारात आला नाही. १२०२ मध्ये त्याच्या जहागिरी जप्त करण्याचा निवाडा झाला आणि १२०४ मध्ये नॉर्मंडी फिलिपने जिंकली. तलवार चालली खरी, पण तिच्याआधी निवाडा झाला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरं हत्यार म्हणजे पगारी अधिकारी. त्यांना ‘बायी’ म्हणत. सरदारकी बापाकडून मुलाकडे जाते. नोकरी मात्र राजा केव्हाही काढून घेऊ शकतो. त्यामुळे हा माणूस राजाशी बांधलेला राहिला.

फिलिपचा नातू नववा लुई. त्याच्या काळात, १२५९ च्या सुमारास, कूसीचा सरदार आंगेरां याने आपल्या रानात शिकारीला शिरलेल्या तीन तरुणांना चौकशीविना फासावर लटकवलं. लुईने त्याला पकडून लूव्हरच्या किल्ल्यात डांबलं. द्वंद्वयुद्धाने निकाल लावण्याची त्याची मागणी फेटाळली. भल्याभल्या सरदारांनी रदबदली केली, म्हणून जीव वाचला. पण जबर दंड बसला आणि मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थनामंदिरं उभारावी लागली. त्या तिघांचे प्राण काही परत आले नाहीत. मात्र आपल्या रानातही आपण मालक नाही, हे सरदारांना कळलं.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. लुईचा नातू चौथा फिलिप याने १३०७ मध्ये याच राजयंत्रणेच्या बळावर फ्रान्सभरच्या टेंपलर योद्ध्यांना एका दिवसात अटक केली आणि छळ करून कबुलीजबाब घेतले. सरदाराला वेसण घालणारा राजा हवाच. पण राजाला वेसण कोण घालणार, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला.